एका ओंडक्याचा गृहप्रवेश

दारात जंगल उभं असताना सातासमुद्रापलीकडून लाकूड मागवणाऱ्या माणसाला शहाणा म्हणायचं की नाही, यावर आमच्या ग्लेनारी गावात आजही दोन तट आहेत. एका तटात सगळं गाव आहे आणि दुसऱ्यात मी.

झालं ते असं. आमचे पूर्वज स्कॉटलंडहून जहाजानं इथं, पृथ्वीच्या पार दक्षिण टोकाकडे आले आणि तिथले खेळही बरोबर घेऊन आले. आमच्या गावच्या हायलँड खेळांत केबर फेकणं हा सगळ्यांत मानाचा खेळ. केबर म्हणजे विजेच्या खांबाचा धाकटा भाऊ समजा. तो उभाच्या उभा उचलायचा, खांद्याला टेकवून धावायचं आणि असा भिरकावायचा की त्यानं हवेत कोलांटी मारून बरोबर समोर आडवं व्हावं. गेल्या वर्षी आमच्या जुन्या केबरनं कोलांटी मारता मारता देह ठेवला. अर्धा मैदानात पडला आणि अर्धा चहाच्या तंबूवर. तंबूत नेमके शेजारच्या किर्कडेल गावचे पाहुणे पावलोवा खात बसले होते. लागलं कोणालाच नाही. पण त्या केकवर क्रीमऐवजी आमची अब्रू पसरलेली सगळ्यांनी पाहिली.

त्यानंतरच्या बैठकीत नवा केबर हा एकच विषय होता. यंदा खेळांचं शंभरावं वर्ष. मी, ड्युगल्ड रॅटरे, शाळेत भूगोल शिकवतो आणि समितीचा चिटणीस आहे. म्हणजे खुर्च्या मांडतो. अध्यक्षस्थानी टॉर्बटबाई. वय नव्वदीच्या पुढे, ऐकू कमी येतं पण कोण काय पुटपुटलं ते अचूक कळतं. मला पहिलीला त्यांनीच शिकवलंय, त्यामुळे त्यांच्यासमोर माझा हात आजही आपोआप वर जातो.

"माझे आजोबा ज्या खोऱ्यातून आले," टॉर्बटबाई म्हणाल्या, "तिथलं एखादं झाड हाताला लागलं असतं मरायच्या आधी." आणि त्यांनी सुस्कारा सोडला.

टॉर्बटबाई सुस्कारा सोडणाऱ्यांतल्या नव्हेत.  अशा वेळी शहाणी माणसं आपल्या बुटांकडे बघतात.

"लागेल!" मी म्हणालो. "माझा चुलतभाऊ हेक्टर त्याच खोऱ्यात राहतो. त्याच्याकडे लार्चचं रान आहे. केबर तिथूनच येईल!"

टाळ्या पडल्या. फक्त माझा शेजारी राविरी तेवढा टाळी न वाजवता माझ्याकडे बघत राहिला. राविरीचा धंदाच लाकूडतोडीचा. त्याच्या पूर्वजांची वस्ती इथं आमच्या पूर्वजांनी जहाजात पाय ठेवण्याच्या किती तरी पिढ्या आधीपासून आहे, आणि ही गोष्ट तो फक्त मी चूक असतानाच काढतो. म्हणजे वरचेवर.

घरी येताना तो म्हणाला, "ड्युगल्ड, तुझ्या कुंपणापलीकडं माझं पाइनचं रान आहे. सकाळी सांग, दुपारी केबर देतो."

"पाइन वेगळं, लार्च वेगळं."

"फरक काय?"

"इतिहास," मी म्हणालो.

"असेल बाबा. पण इतिहासाला कीड लागते, एवढं लक्षात ठेव."

हेक्टर तर हर्षानं वेडाच झाला. दोनच दिवसांत त्यानं फोटो पाठवला. काय ओंडका होता! मनगटाएवढी जाड साल, त्यावर हिरवंगार शेवाळ, मधे करड्या दाढीसारखं काहीतरी लोंबलेलं आणि एका फटीत पाखराचं रिकामं घरटं. मी तो फोटो मोठा करून समितीच्या फळ्यावर लावला. मग, सगळं कसं रीतसर असावं म्हणून, परदेशी मालाची तपासणी करणाऱ्या खात्याला फोन केला. पलीकडे सिना नावाच्या अधिकारी बाई होत्या. आवाज गोड, अगदी मावशीसारखा.

"लाकूड आहे म्हणता. साल आहे का त्याला?"

"भरपूर!" मी म्हणालो. मुलीचा बाप पाहुण्यांना तिचे केस दाखवतो तसा माझा सूर लागला होता. "आणि शेवाळ तर असं दाट..."

"शेवाळ," त्या म्हणाल्या. लिहून घेतल्याचा आवाज आला.

"शिवाय एक घरटंही आहे."

यावर पलीकडचं लिहिणंच थांबलं; मला वाटलं बाई भारावल्या. मग त्यांनी मला समजावलं. त्या सालीखाली भुंगे राहतात, भुंग्यांबरोबर बुरशी राहते, आणि ती मंडळी एकदा इथल्या रानात शिरली की राविरीच्या पाइनचं आणि आमच्या बीचवृक्षांचं काय होईल ते सांगता येत नाही. साल नको, माती नको, पान नको, बी नको. लाकूड गाभ्यापर्यंत भट्टीत तापलेलं हवं आणि तसं तिकडच्या सरकारचं प्रमाणपत्र हवं.

आता गंमत पाहा. हे सगळं मी स्वतः दर वर्षी शिकवतो! ससे कसे आले, मुंगसासारखे दिसणारे ते स्टोट कसे आले, आमच्याच पणजोबांनी कुंपणासाठी आणलेल्या काटेरी गॉर्सनं डोंगरच्या डोंगर कसे पिवळे केले. फळ्यावर बाण काढून शिकवतो. पण बाण फळ्यावर असतो तेव्हा वेगळा आणि आपल्याकडे तोंड करून येतो तेव्हा वेगळा.

हेक्टरला साल काढायला सांगितलं तर तो घायाळच झाला.

"साल काढू? अरे, कुणाची धोतरं फेडतोयस? म्हाताऱ्या झाडाला उघडं करून परदेशी पाठवायचं?"

"कायदा आहे, हेक्टर."

"सालीला घाबरणारं सरकार मी पहिल्यांदाच बघतोय. आमच्याकडे सरकारला लोक घाबरतात."

शेवटी काढली त्यानं. रडत रडत काढली असावी, कारण मधे आठवडाभर त्यानं फोन घेतला नाही. मग भट्टीचा प्रश्न. त्यांच्या तालुक्यात लाकूड तापवायची भट्टी एकच, ती कुंपणाचे खांब करणाऱ्याची, आणि तिच्यात आमचा केबर मावेना. दार लावलं की डोकं बाहेर. सबब हेक्टरनं त्याचा वीतभर, म्हणजे स्कॉटलंडमधली वीत, शेंडा कापला. खोऱ्यातले लोक तो प्रकार बघायला जमले होते म्हणे, आणि एका गृहस्थांनी टोपी काढली.

इकडे गावाला बातमी फुटली होती. माझं रस्त्यानं चालणं अवघड झालं. खाटकानं हाडं तोडता तोडता सल्ला दिला, "फर्निचर म्हणून मागव ना. एका पायाचं टेबल."

"आणि वरची फळी?"

"विसरली म्हणावं."

केस कापणारा म्हणाला, औषध म्हणून मागव. पाद्रीसाहेबांनी, आपण काही सुचवत नाही असं आधी स्पष्ट करून, देवळाची तुळई म्हणून मागवल्यास कोण विचारतंय, असं सुचवलं. माझी बायको रोना हे सगळं ऐकून एवढंच म्हणाली, "भूगोलाच्या मास्तरनं थापा मारून लाकूड आणलं, असं पेपरात येऊ दे. मग मी माझ्या बहिणीकडे राहायला जाते." रोनाची बहीण किर्कडेलला राहते. प्रश्न मिटला.

कागद झाले, जहाज निघालं आणि एक दिवस बंदरावरून निरोप आला की आपला माल आला आहे, तपासणीला हजर राहावं.

आता खरं म्हणजे एकट्यानं जाऊन गुपचूप ट्रकमध्ये घालून आणायचं. पण टॉर्बटबाईंनी ठरवलं की पाहुण्याला वाजतगाजत आणायचं. त्यामुळे मी घागऱ्यासारखा आमचा घोळदार किल्ट, गुडघ्यापर्यंत मोजे, कमरेला केसाळ बटवा आणि डोक्यावर टोपी अशा थाटात निघालो. बरोबर आमचा पायपर बॅगपाइप घेऊन. राविरीच्या ट्रकमध्ये पुढच्या सीटवर गुडघ्यांवर घोंगडी घेतलेल्या टॉर्बटबाई. मागून गाडीत रोना, "माझा यांच्याशी काही संबंध नाही" असा चेहरा करून.

तपासणीच्या गोदामात सिनाबाई भेटल्या. मूळच्या सामोआच्या घराण्यातल्या, उंचपुऱ्या, रुंद खांद्यांच्या आणि सतत हसतमुख. माझा किल्ट पाहून त्यांचं हसू किंचित वाढलं, पण नोकरीच्या मर्यादेत राहिलं. जमिनीवर पिवळी रेघ होती. "रेघेच्या अलीकडे थांबा," त्या म्हणाल्या.

कंटेनरचं दार उघडलं. पायपरनं पहिला सूर लावला.

आणि तो सूर तसाच, तुडवलेल्या मांजरासारखा, विरत गेला.

ओंडका दिसतच नव्हता. हेक्टरला भीती वाटली होती की सोललेल्या अंगाला प्रवासात ओरखडे पडतील. म्हणून त्यानं, केवळ मायेपोटी, सगळा केबर वाळल्या गवताच्या पेंढ्यात गुंडाळला होता. गवताला कणसं होती. कणसांत बी होतं. वरून टार्टनचं चौकडीचं कापड, आणि त्यावर, शुभशकुन म्हणून, रिबिनीनं बांधलेला हेदरच्या जांभळ्या फुलांचा भलाथोरला गुच्छ.

सिनाबाई हसतमुखच राहिल्या, पण हसू डोळ्यांतून निघून गेलं. "कागद एकदम चोख आहेत," त्या म्हणाल्या. "माल असा का आहे?"

उत्तर देण्याऐवजी मी एक गोष्ट केली. का केली ते मला आजवर कळलेलं नाही. दार उघडताना हेदरची एक काडी उडून रेघ ओलांडून माझ्या बुटाशी आली होती. मातृभूमीचं फूल पायाशी! डोळे भरून आले. मी ते उचललं आणि टोपीत खोवलं.

"मिस्टर रॅटरे," सिनाबाईंचा आवाज आता मावशीचा नव्हता. "हलू नका."

मी हललो नाही. पांढऱ्या झग्यातली दोन माणसं आली. माझी टोपी चिमट्यानं उचलून पिशवीत गेली, पिशवीला सील बसलं. मग मला बूट काढायला लावले. मग मोजे. मोज्यांना गवताचं कुसळ लागलं होतं, तेही पिशवीत. केसाळ बटव्यातून छोट्या व्हॅक्युमनं कायकाय ओढून काढलं. त्यात एक केसाळ पेपरमिंटही निघालं. भूगोलाचा पदवीधर, हायलँड खेळ समितीचा चिटणीस, सिमेंटच्या थंड फरशीवर अनवाणी उभा, आणि किल्टखालून वारा.

राविरी ट्रकच्या दाराला टेकून हे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

"ड्युगल्ड," तो म्हणाला, "तुझे पणजोबा उतरले ना, तेव्हा ही बाई धक्क्यावर हवी होती रे."

"राविरी, ही वेळ आहे का?"

"गॉर्स पिशवीत, ससे पिशवीत. आणि तुझ्या पणजोबांना तापवून घेतलं असतं गाभ्यापर्यंत!"

आधी रोना हसली. मग पायपर. मग पांढऱ्या झग्यांतून खुसखुस ऐकू यायला लागली. सिनाबाईंनी पाठ फिरवली, पण ते रुंद खांदे गदगदत होते.

मीही हसलो असतो. पण तेवढ्यात त्यांच्या बॅटरीचा उजेड पेंढ्यात एका जागी थांबला. गवतात, लाकडाला चिकटून, एक गोगलगाय झोपली होती. जहाजानं अर्धी पृथ्वी ओलांडली, हिची झोप मोडली नव्हती. गोगलगाय आणि पोटात पाय म्हणतात ते उगीच नाही. जिवंत जीव सापडला म्हणजे प्रमाणपत्र गेलं, भट्टी गेली, सालीसाठी हेक्टरनं गाळलेले अश्रूही गेले.

"तीन वाटा आहेत," सिनाबाई म्हणाल्या. त्यांना मनापासून वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. "परत पाठवा. नाहीतर इथं जाळून टाकू. नाहीतर इथल्या भट्टीत पुन्हा तापवा. पण आमची भट्टी लहान आहे. कापावा लागेल. मोठा तुकडा तुमच्या खांद्याच्या वर जेमतेम जाईल, बाकी लहान."

खांद्याएवढा केबर! तो काय फेकायचा, तो तर काखेत मारून न्यायचा. मला किर्कडेलकरांची तोंडं दिसायला लागली. शंभरावं वर्ष, आणि ग्लेनारीच्या मैदानात मानानं आणलेला खुंटा. मी अनवाणीच ट्रकपाशी गेलो, काच वाजवली आणि टॉर्बटबाईंना सगळं ओरडून सांगितलं. शेवटी म्हणालो, "मिसेस टॉर्बट, परत पाठवू या. निदान मान तरी राहील."

"कोणाचा?" त्यांनी विचारलं.

माझा हात आपोआप वर गेला. पहिलीतही तो असाच जायचा, उत्तराशिवाय.

"माझे आजोबा निघाले तेव्हा नऊ भावंडांतले दोघं इथवर पोचले," त्या म्हणाल्या. "बाकीचे पोचले नाहीत म्हणून त्या दोघांना कोणी परत पाठवलं का? काप म्हणावं. जेवढं पोचलं तेवढं आपलं."

कापला. करवतीचा आवाज मला ऐकवेना, म्हणून मी पायपरला वाजवायला सांगितलं. नंतर लोक म्हणाले, बंदरावरचे कामगार दोन्ही आवाजांतला फरक ओळखू शकले नाहीत.

खेळांच्या आठवड्यापर्यंत ते तुकडे भट्टीत तापून, तपासून, शिक्का घेऊन गावात आले. पुरुषांचा केबर राविरीनं आपल्या रानातून दिला, बोलल्याप्रमाणे एका दुपारात, आणि टोमणा न मारता. तो न मारलेला टोमणा मला फार लागला. पण मग लार्चचं करायचं काय? समितीत कुणी म्हणालं दिवा करू, कुणी म्हणालं बाक करू. रोना मागं बसून विणत होती. ती समितीत नाही, म्हणून तिचं डोकं चालतं.

"हा मोठा तुकडा लांबीला बायकांना बरोबर आहे," ती म्हणाली. "शंभर वर्षं आम्ही केक करतोय. यंदा आम्ही फेकतो."

माझ्या घराण्यात चार पिढ्या केबर फेकला जातोय. त्यावर काहीतरी वजनदार बोलायचं होतं मला. पण टॉर्बटबाईंनी "मंजूर" म्हणून टेबलावर काठी आपटली, तेव्हा मी फक्त लिहून घेतलं.

खेळांचा दिवस असा लखलखीत उजाडला की आमच्या दक्षिणेकडच्या हवामानाचं काहीतरी चुकलंय असं वाटावं. टॉर्बटबाईंच्या खुर्चीशेजारी मी लार्चचा धाकटा तुकडा नेऊन ठेवला. त्यांनी आपले हातमोजे काढले, दोन्ही तळवे लाकडावर ठेवले आणि बराच वेळ तसेच ठेवले. मग नाक टेकवून वास घेतला.

"कसला येतोय?" मी हळूच विचारलं. मला वाटलं, आता पाण्याचा, डोंगराचा, आजोबांचा काहीतरी वास सांगतील.

"भाजलेल्या पावाचा," त्या म्हणाल्या. "दोनदा भट्टीत घातल्यावर दुसरा कसला येणार?" पण तुकडा त्यांनी दिवसभर कोणाला हलवू दिला नाही.

बायकांच्या स्पर्धेला नावं आली तीन. खाटकाची बायको, पशुवैद्य बाई आणि रोना. किमान चार तरी हवेत असा नियम मीच केलेला. मी कर्णा घेऊन "आणखी कोणी?" म्हणून ओरडतोय तोच फाटकाशी मला सिनाबाई दिसल्या. रोनानं त्यांना बोलावलं होतं, मला न सांगता. त्या आपल्या मावश्या आणि भाचरं घेऊन आल्या होत्या आणि फाटकातल्या नळाखाली सगळ्यांचे बूट धुऊन घेत होत्या. सुट्टीच्या दिवशीही.

"सिना!" रोनानं हाक मारली. "चौथी हवीय!"

"मी? अगं, मी सरकारी माणूस..."

"आज सुट्टी आहे ना? मग माणूसच फक्त."

मावश्यांनी ढकललं. सिनाबाई मैदानात आल्या, हात पँटला पुसले, आणि वाकून त्या लार्चखाली बोटं घातली. आजवर त्यांनी त्या लाकडाकडे संशयानंच पाहिलं होतं. आता त्यांनी त्याला असं उचललं, जसं रडकं पोर उचलून खांद्याला लावतात. केबर उभा राहिला. जरा डुलला. त्या चार पावलं चालल्या, मग धावल्या, मग थांबल्या, आणि पोटातून एक हुंकार देऊन दोन्ही हात वर उसळवले.

पंच मी होतो. पंचानं मागून धावायचं असतं, केबर कुठं पडतो ते बघायला. मी धावलो. केबरनं हवेत निवांत कोलांटी घेतली, क्षणभर शेंड्यावर उभा राहिला आणि तो बाईंच्या नाकासमोर, ओळंब्यानं आखल्यासारखा सरळ आडवा झाला. घड्याळाच्या काट्यानं बारा दाखवावेत तसा. एरवी माणसाचे बारा वाजले की तो संपला समजावं. केबरचे बारा वाजले की फेकणारा जिंकला. मी धावता धावता चिखलात बसलो आणि बसल्या जागेवरून दोन्ही हात वर करून ओरडलो, "बारा! बरोब्बर बारा!"

मग जे झालं ते सांगता येणार नाही. मावश्यांनी गाणं धरलं, पायपरला राहवलं नाही, राविरीनं मला काखेत हात घालून चिखलातून उपटलं आणि तसाच नाचवला. रोना दुसरी आली होती, पण ती सिनाबाईंना अशी बिलगली होती की पहिली कोण ते लांबून कळत नव्हतं. किर्कडेलच्या पाहुण्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. चहाच्या तंबूपासून बऱ्याच अंतरावर उभं राहून, पण वाजवल्या.

"हेक्टरला फोन लाव," टॉर्बटबाईंनी हुकूम केला.

हेक्टर बिचारा तिकडे मध्यरात्री जागाच बसला होता. पहिल्या घंटीला त्यानं फोन उचलला.

"फेकला का रे?"

"फेकला! एकदम सरळ! बारावर!"

पलीकडे नाक शिंकरल्याचा मोठा आवाज झाला. "माझा ओंडका," हेक्टर म्हणाला. "माझ्या आजाचं झाड. कोणी फेकला? रॅटरेच असणार कोणीतरी."

"नाही," मी म्हणालो. "सरकारनं फेकला."

पलीकडे खुर्ची करकरली.

"ती सालवाली बाई?"

"तीच."

"सरळ फेकला म्हणतोस?"

"तसूभर इकडे नाही की तिकडे नाही."

"मग त्या बाईला माझा रामराम सांग," हेक्टर म्हणाला. त्याचा आवाज एकदम तरतरीत झाला होता. "आणि हे बघ ड्युगल्ड, त्या झाडाशेजारी दुसरं उभंय. जरा जाडच आहे, पण..."

रोनानं माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि बंद केला.